न मोजलेल्या गाठी

फॉर्मेलिन भरलेली प्लॅस्टिकची छोटी बाटली, झाकणाभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी आणि त्या पट्टीवर बॉलपेनने लिहिलेले नाव व वय, अशा रूपात अपेंडिक्स आमच्या कोल्हापुरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये येते. बहुतेक वेळा ते रुग्णाचा भाऊ किंवा नवरा पिशवीत घालून एस.टी.ने घेऊन येतो. काही वर्षांपूर्वी भुदरगड तालुक्यातून अशीच एक बाटली आली. तेवीस वर्षांच्या मुलीचे, पोटात दुखू लागल्यामुळे तातडीने काढलेले अपेंडिक्स होते. बाटली टेबलावर ठेवताना तिच्या भावाने मला विचारले, "काढून टाकलंय न्हवं मॅडम, मग आता त्यात आनि काय तपासायचं?" त्याचा प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी मी त्या अपेंडिक्सचे टोक उभे कापले, तेव्हा आत ज्वारीच्या दाण्याएवढा, पिवळसर आणि बोटाला घट्ट लागणारा एक ठिपका दिसला. अपेंडिक्सला सूज होतीच, पण हा ठिपका त्या सुजेचा भाग नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली तो न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर निघाला.

अपेंडिक्समधली अशी गाठ एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि पूर्ण निघाली असेल, तर सहसा पुढे काहीच करावे लागत नाही. त्या मुलीलाही करावे लागले नाही. मी रिपोर्ट दिला आणि माझ्या नोंदवहीत एक ओळ लिहिली. ती ओळ आजपर्यंत माझ्याकडे कुणीही मागितलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यात अशा ओळी किती असतील, त्या कुणी गोळा करायच्या, आणि त्या गोळा न झाल्यामुळे आपले काय नुकसान होते, हे प्रश्न केवळ डॉक्टरांच्या बैठकीत ठेवण्याचे नाहीत, असे मला वाटते.

आधी या गाठींविषयी थोडे. जठरापासून गुदाशयापर्यंत पचनमार्गाच्या अस्तरात संप्रेरके स्रवणाऱ्या पेशी एकेकट्या विखुरलेल्या असतात आणि स्वादुपिंडात त्यांचे पुंजके असतात. या पेशींपासून वाढणाऱ्या गाठी म्हणजे पचनसंस्थेचे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. म्युनिकचे पॅथॉलॉजिस्ट सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ साली लहान आतड्यातल्या अशा गाठींना 'कार्सिनॉइड' म्हटले. दिसायला कर्करोगासारखी, पण वागायला तशी नव्हे, असा त्या शब्दाचा अर्थ होता. पुढे १९२९ साली त्यांनी स्वतःच आपले मत सुधारले आणि या गाठी पसरू शकतात, हे लिहून ठेवले. सुधारणा मात्र मागे राहिली आणि नाव टिकले. गाठ 'सौम्य' आहे असा समज झाला, की तिची नोंद करण्याची निकड संपते. कर्करोगाच्या नोंदण्या मुख्यतः घातक गाठींची गणना करतात, आणि अपेंडिक्समधल्या कार्सिनॉइडला तर आंतरराष्ट्रीय संकेतावलीत दीर्घकाळ 'वर्तन अनिश्चित' असाच क्रमांक होता. त्यामुळे ज्या देशांत उत्तम नोंदण्या होत्या, तिथेही अपेंडिक्समधल्या या गाठींचे जुने आकडे अपुरे राहिले.

आज जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे वर्गीकरण या सगळ्या गाठींना घातक होण्याची क्षमता असलेल्या मानते आणि त्यांची प्रतवारी करते. पेशींपैकी किती टक्के पेशी विभाजनाच्या मार्गावर आहेत, हे केआय-६७ नावाच्या रंजक तपासणीतून मोजले जाते. हे प्रमाण ३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पहिली प्रत, ३ ते २० टक्के असेल तर दुसरी आणि त्याहून अधिक असेल तर तिसरी. याशिवाय न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा हा वेगळा, अतिशय आक्रमक प्रकार आहे. भुदरगडच्या मुलीची गाठ आणि हा कार्सिनोमा यांची नावे शेजारी शेजारी येत असली, तरी एकीत रुग्ण दुसऱ्या आठवड्यात कामाला लागतो आणि दुसऱ्यात महिने मोजावे लागतात.

आता आकड्यांकडे येते, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीनुसार १९७३ साली दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला १.०९ नवे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर सापडत होते, २०१२ साली ६.९८ सापडले. म्हणजे चाळीस वर्षांत सहापटीहून अधिक वाढ झाली. इंग्लंडमध्ये १९९५ साली हा दर २.३५ होता, तो २०१८ पर्यंत ८.६१ झाला. तैवानमध्ये १९९६ साली ०.३० होता, तो २००८ साली १.५१ झाला. या आकड्यांत फुप्फुस आणि इतर अवयवांतल्या गाठीही आहेत, पण मोठा वाटा पचनसंस्थेचाच आहे. एखाद्या आजाराचा दर इतका वाढला, की मनात पहिली शंका येते ती अन्नाची, पाण्याची, फवारणीची. ती शंका मलाही आली होती.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या आकड्यांनी माझी समजूत बदलली. तिथे १९९४ साली दर लाखामागे २.४८ रुग्ण सापडले आणि २००९ साली ५.८६. निदानाच्या वेळीच आजार शरीरात इतरत्र पसरलेला होता अशा रुग्णांचे प्रमाण मात्र याच काळात २९ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. कागद घेऊन गुणाकार करून पाहावा. २.४८ चे २९ टक्के म्हणजे सुमारे ०.७२ आणि ५.८६ चे १३ टक्के म्हणजे सुमारे ०.७६. पसरलेल्या आजाराचा दर पंधरा वर्षांत जवळजवळ जागच्या जागी राहिला, आणि वाढले ते लवकर सापडलेले, लहान, अजून न पसरलेले ट्यूमर. आजार खरोखरच दुप्पट झाला असता, तर पसरलेले रुग्णही त्याच वेगाने वाढायला हवे होते. वाढलेली गोष्ट प्रामुख्याने पाहणे ही आहे. जठराची आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीने होणारी तपासणी वाढली, सी.टी. स्कॅन वाढले, आणि पॅथॉलॉजिस्टच्या हाती या पेशी ओळखून दाखवणारी क्रोमोग्रॅनिन व सिनॅप्टोफायसिन ही रंजके आली.

या निष्कर्षाला एक जुना आणि भक्कम आधारही आहे. स्वीडनमधल्या माल्मो शहरात मृत्यूनंतर शवविच्छेदन करण्याची पद्धत फार व्यापक होती. १९५८ ते १९६९ या काळातल्या तिथल्या अभ्यासात शवविच्छेदने धरून कार्सिनॉइडचा दर लाखामागे ८.४ निघाला, आणि त्यांपैकी बहुतेक गाठी माणूस जिवंत असताना कुणाला ठाऊकच नव्हत्या. अर्धशतकापूर्वी एका शहरात मेलेल्यांकडे नीट पाहिले, तर जो दर मिळाला, तो अमेरिकेने जिवंत माणसांकडे पाहून २०१२ सालीही गाठलेला नव्हता. प्रत्यक्ष वाढीचा अंश यात मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत वाढ सर्व अवयवांत आणि सर्व अवस्थांत थोडीफार दिसली आहे. पण तिचा मोठा भाग शोधाचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

मग आपल्याकडे काय? २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. अमेरिकेचा १९७३ चा दर इथे लावला, तर वर्षाला ४२ नवे रुग्ण सापडायला हवेत. तैवानचा २००८ चा दर लावला, तर ५८-५९. आणि अमेरिकेचा २०१२ चा दर लावला, तर २७०. हे हिशेब जसेच्या तसे खरे मानू नयेत. आपली लोकसंख्या त्या देशांपेक्षा तरुण आहे आणि या गाठी बहुतांशी उतारवयात सापडतात, त्यामुळे आपला दर कमीच भरेल. शिवाय वंशानुसार अवयवही बदलतो. जपानच्या २०१० च्या पाहणीत पचनमार्गातल्या या गाठींपैकी सुमारे ७० टक्के मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातल्या, मुख्यतः गुदाशयातल्या होत्या आणि लहान आतड्यातल्या अगदी थोड्या, तर युरोपात लहान आतड्याचा वाटा मोठा आहे. भारतातल्या रुग्णालयांनी छापलेल्या अनुभवांत जठर, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) आणि स्वादुपिंड पुढे दिसतात. पण ते मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचे अनुभव आहेत. तिथे आधीच निवडून, पाठवून दिलेला रुग्ण पोहोचतो, आणि ज्याचे अपेंडिक्स तालुक्यातच निघाले, तो त्यांच्या तक्त्यात कधीच येत नाही.

म्हणून ४२ आणि २७० यांच्यामधले अंतर मला महत्त्वाचे वाटते. आपला खरा आकडा त्या अंतरात कुठेतरी असेल किंवा त्याच्याही खाली असेल. तो कुठे आहे हे आपण ठरवू शकत नाही, कारण आपल्या गाठी आपल्याच हातून तीन-चार ठिकाणी गळतात.

पहिली गळती शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. काढलेले अपेंडिक्स नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवले जाते, ते मान हलवतात, आणि अनेक ठिकाणी तो अवयव तिथूनच जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो. तपासणीचा खर्च वेगळा सांगितला, की घरचे लोक नको म्हणतात, आणि शस्त्रक्रियेचा खर्च आधीच डोईजड झालेल्या घराला त्याबद्दल दोष देता येत नाही. जगभरच्या अनुभवानुसार साधारण तीनशे अपेंडिक्समागे एकात तरी ही गाठ असते, आणि ती बहुतेक वेळा टोकाशी असते. म्हणूनच टोक न कापता मधलेच दोन काप तपासले, तर तपासणी होऊनही गाठ निसटते. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ निसटली, तर मात्र मामला गंभीर होतो, कारण अशा वेळी मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढण्याचा सल्ला दिला जातो.

दुसरी गळती निदानातली आहे, आणि ती मला अधिक सलते. इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराच्या यकृतातला तुकडा माझ्याकडे आला होता. त्याला सहा वर्षे जुलाबांचा त्रास होता, मधूनच चेहरा लालबुंद होत असे, आणि तो चोरून पितो असे कारखान्यात आणि घरातही लोकांनी गृहीत धरले होते. जुलाबांवर 'पोट नाजूक आहे' म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या चालू होत्या. यकृतात गाठी दिसल्यावर शेवटची अवस्था सांगून त्याला घरी पाठवण्याची तयारी झाली होती. त्या तुकड्यावर क्रोमोग्रॅनिनचा तपकिरी रंग चढला आणि केआय-६७ दोन टक्के आले, तेव्हा त्या चेहऱ्याचा आणि त्या जुलाबांचा अर्थ लागला. लहान आतड्यातली गाठ यकृतात पसरली होती आणि तिथून सिरोटोनिनसारखी द्रव्ये थेट रक्तात जात होती. या आजारात निदानाला लागणारा उशीर ही केवळ कोल्हापूरची गोष्ट नाही. २०१४ साली अनेक देशांतल्या १,९२८ रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी ५२ महिने गेल्याचे आढळले. फरक इतकाच, की आपल्याकडे अनेक रुग्णांच्या बाबतीत निदानाचा दिवस उगवतच नाही. रंजक तपासण्यांचा खर्च परवडत नाही, ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो, आणि रिपोर्टावर 'कमी विकसित कार्सिनोमा' एवढेच शब्द राहतात.

जठराच्या बाबतीत तर एक खूण आपल्या रोजच्या तपासण्यांतच पडून असते. जठरातल्या या गाठींचा सर्वांत नेहमीचा प्रकार जठराच्या अस्तराच्या स्वयंप्रतिकारी झिजेतून येतो. त्या झिजेत आम्ल तयार होत नाही, बी-१२ शोषले जात नाही, आम्ल स्रवण्याचा इशारा देणारे गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढत राहते, आणि त्या गॅस्ट्रिनच्या सततच्या टोचणीने जठरातल्या संप्रेरक-पेशी वाढू लागतात. हा प्रकार स्त्रियांत अधिक आढळतो. आपल्याकडे बी-१२ कमी आले, की आहाराकडे बोट दाखवून इंजेक्शनांचा कोर्स दिला जातो, आणि शाकाहारी घरात ते बहुधा बरोबरही असते. पण ज्या घरात आठवड्याला तांबडा-पांढरा रस्सा होतो आणि जी बाई तो खाते, तिचे बी-१२ पुन्हा पुन्हा तळाला जात असेल, तर तिच्या जठराकडे एकदा दुर्बिणीने पाहायला हवे, हे मी माझ्या फिजिशियन मित्रांना नेहमी सांगते.

तिसरी गळती भूगोलाची आहे. चंदगडचा माणूस बेळगावला जातो, शिरोळचा मिरजेला, शाहूवाडीचा कऱ्हाडला, आणि ज्याला जमेल तो थेट परळच्या टाटा रुग्णालयात. कोल्हापूरचा रुग्ण अशा चार शहरांच्या कागदांत विखुरतो. यावर उपाय माहीत नाही असे नाही. रुग्णालयाच्या नोंदीत किती लोक उपचाराला आले हे कळते; लोकसंख्याधारित नोंदणीत एखाद्या प्रदेशात राहणाऱ्या किती लोकांना आजार झाला हे कळते, मग त्यांनी उपचार कुठेही घेतलेले असोत. भारतातली पहिली अशी नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली सुरू केली. आणि देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सांगलीपलीकडच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ साली सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते स्वतः जात, लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णाला तपासणीपर्यंत आणत. तेव्हा संगणक नव्हता, मोबाइल नव्हता, रस्तेही असे नव्हते. १९८७ साली बार्शीला जे जमले, ते आज कोल्हापूरला जमणार नाही, असे कुणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही.

चौथी गळती नोंदणी असलेल्या ठिकाणीही होते आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. नोंदणीचे प्रसिद्ध होणारे तक्ते अवयवानुसार असतात, जसे जठर, गुदाशय, स्वादुपिंड. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हा अवयव नाही, पेशीचा प्रकार आहे. त्याचा संकेत पेशीप्रकाराच्या रकान्यात ८२४० च्या आसपासच्या क्रमांकांत असतो, आणि तो रकाना वेगळा काढून मांडला नाही, तर जठरातली गाठ 'जठराचा कर्करोग' या बेरजेत विरघळून जाते. म्हणून नुसती नोंदणी मागणे पुरेसे नाही, पेशीप्रकारानुसारचा तक्ताही मागायला हवा.

एवढ्या दुर्मिळ आजारासाठी हा खटाटोप कशाला, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने लोक मरत असताना, असा आक्षेप मला माझ्याच व्यवसायबंधूंकडून ऐकायला मिळतो. आक्षेपामागची कळकळ मी समजू शकते. पण नोंदणी एका आजाराची नसते. एकच अर्ज, एकच यंत्रणा, एकच कार्यकर्ता सगळ्या कर्करोगांसाठी चालतो, आणि न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठी लागतो तो फक्त एक नीट भरलेला रकाना. शिवाय 'दुर्मिळ' हा शब्द इथे अर्धाच खरा आहे. पावसाळ्यात कोल्हापूरकर राधानगरी धरणाबद्दल रोज दोन आकडे वाचतो: पाण्याची आवक किती आणि पाणीसाठा किती. आवक थोडी असली तरी विसर्ग त्याहून थोडा असेल, तर साठा वाढतच जातो. नव्या रुग्णांचा दर ही आवक आहे आणि आजारासह जगणाऱ्यांची संख्या हा साठा. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगात रुग्ण फार लवकर जातो, म्हणून तिथे साठा होत नाही. इथे पहिल्या प्रतीची, न पसरलेली गाठ असलेली माणसे दशकानुदशके जगतात. अमेरिकेच्या अभ्यासात १ जानेवारी २०१४ रोजी असे सुमारे १ लाख ७१ हजार लोक हयात असल्याचा अंदाज निघाला, आणि पचनसंस्थेच्या कर्करोगांपैकी हयात रुग्णांच्या संख्येत मोठ्या आतड्यानंतर याच गाठींचा क्रमांक लागतो. या माणसांना वर्षानुवर्षे तपासण्या लागतात. काहींना दर महिन्याला ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचे महागडे इंजेक्शन लागते, काहींना ल्युटेशियमची किरणोत्सारी उपचारपद्धती. ते ल्युटेशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होते, म्हणजे औषध राज्यातच आहे. पण शासकीय योजनेत किती इंजेक्शनांची तरतूद करायची, हे ठरवणाऱ्याच्या हातात जिल्ह्यातल्या साठ्याचा आकडा नसेल, तर तो कशाच्या आधारावर ठरवणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यात मी अंशतः सामील आहे. माल्मोचा अनुभव सांगतो, की कित्येक गाठी माणसाला आयुष्यभर त्रास देत नाहीत. मग त्या शोधून निरोगी माणसाला रुग्ण बनवायचे का? अजिबात नाही. मार्च २०१८ मध्ये इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचे जाहीर केले, तेव्हा हे नाव पहिल्यांदाच घरोघरी पोहोचले, आणि आम्हाला काही दिवस क्रोमोग्रॅनिनची (या पेशींतून रक्तात उतरणाऱ्या द्रव्याची) रक्ततपासणी करून द्या म्हणून फोन येत राहिले. लक्षणे नसताना ती तपासणी करू नये. आम्लपित्ताच्या साध्या गोळ्यांनीसुद्धा क्रोमोग्रॅनिन वाढते, आणि त्या गोळ्या आज कुणाच्या घरात नाहीत? चोवीस तासांच्या लघवीत सिरोटोनिनचे उत्सर्जित द्रव्य मोजायचे, तर आधी केळी, टोमॅटो, अननस, अक्रोड, वांगी बंद ठेवावी लागतात. घाईने केलेल्या तपासणीतून भीतीखेरीज काही हाती लागत नाही. माझी मागणी निरोगी लोकांच्या सरसकट तपासणीची नाही. जो अवयव शरीरातून काढलेलाच आहे, तो नीट तपासावा. जो तुकडा घेतलेलाच आहे, त्याचे पूर्ण निदान व्हावे. आणि जे निदान झालेलेच आहे, ते जिल्ह्याच्या हिशेबात लिहिले जावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हिशेबाचा हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात आणखी एका कारणाने तातडीचा आहे. शिरोळ तालुक्यात कर्करोग वाढल्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे, आणि उसावरची फवारणी, रासायनिक खते व पंचगंगेचे दूषित पाणी यांच्याशी लोक तिचा संबंध जोडतात. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या बाबतीत आज खात्रीने माहीत असलेली कारणे मुख्यतः आनुवंशिक विकारांची आणि कुटुंबातल्या कर्करोगाच्या इतिहासाची आहेत; पाण्याशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. पण शिरोळच्या माणसाला मी हे सांगते, तेव्हा तो मला विचारतो, की मग आमच्याकडे किती रुग्ण आहेत ते तरी सांगा. त्याच्या त्या प्रश्नापुढे माझ्याकडे उत्तर नसते. त्याची भीती खरी ठरवायला आणि खोटी ठरवायला एकच साधन आहे, आणि ते म्हणजे वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने केलेली गणती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे, आणि पुराच्या दिवसांत ती पातळी फुटा-इंचांत तासातासाला घराघरांत पोहोचते. ते शक्य झाले, कारण कुणीतरी तिथे मोजपट्टी रोवली आणि ती वाचायला माणूस नेमला.

कर्करोग हा सक्तीने कळवण्याचा आजार ठरवावा, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने २०२२ साली केली, आणि देशातल्या काही राज्यांनी तसे केलेही आहे. मी त्या सक्तीच्या बाजूने आहे. मात्र सक्तीने येणारी माहिती किती कामाची, हे ती देणाऱ्याच्या तयारीवर ठरेल, म्हणून सुरुवात खालून व्हायला हवी. कोल्हापुरातल्या प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबने महिन्यातून एकदा आपल्या कर्करोगाच्या निदानांची यादी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषध वैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागाकडे द्यावी. दोन लॅबमधून आलेला एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नाव लागेल, पण ते विभागाच्या कुलपाबाहेर जाता कामा नये. अपेंडिक्स किंवा पित्ताशय काढणाऱ्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या ठरलेल्या रकमेतच तपासणीचा खर्च धरलेला असावा, म्हणजे नातेवाइकाला तो वेगळा नाकारण्याची वेळ येणार नाही. जन आरोग्य योजनेतल्या शस्त्रक्रियांना तर रिपोर्ट जोडल्याशिवाय रक्कमच मिळू नये. आणि न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या प्रत्येक रिपोर्टावर अवयव, गाठीचा आकार, प्रत आणि केआय-६७ हे चार तपशील असलेच पाहिजेत. ज्या लॅबला रंजके परवडत नाहीत, तिचे ब्लॉक शासकीय महाविद्यालयात विनामूल्य तपासून मिळावेत. जिल्ह्यात वर्षाला अशी निदाने शंभराच्या आत-बाहेर असतील असे धरले, तरी हा खर्च कुठल्याही अंदाजपत्रकाला जड जाणारा नाही.

माझ्यापुरती मी सुरुवात केली आहे. लॅबच्या मागणीपत्रावर पूर्वी फक्त नाव, वय, लिंग आणि डॉक्टरांचे नाव असे. आता राहण्याचे गाव आणि तालुका असे दोन रकाने वाढवले आहेत. ते रिकामे ठेवलेले मागणीपत्र आले, तर लॅबमधला मुलगा फोन करून विचारून घेतो. जुन्या नोंदवह्याही मी एकेक करून पुऱ्या करते आहे. भुदरगडच्या त्या मुलीच्या ओळीत गावाच्या जागी नुसते 'भुदरगड' लिहिले होते, म्हणून गेल्या महिन्यात तिच्या भावाला फोन केला. त्याने गाव सांगितले आणि वर हेही सांगितले, की तिचे लग्न झाले, ती आता कागल तालुक्यात असते आणि तिची तब्येत चांगली आहे. नोंदणीचा नियम निदानाच्या वेळच्या वास्तव्याचा असतो, म्हणून मी त्या ओळीत तिच्या माहेरचे गाव लिहिले.